पश्चिमेचा प्लॉट, दर्यापूरचा उन्हाळा आणि तीन एसी

या आठवड्याचं पत्र

"आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक आहोत, अमरावती जिल्ह्यात दर्यापूरला राहतो. गावाबाहेर ३० बाय ५०चा प्लॉट घेतलाय, रस्ता पश्चिमेला आहे. दिवाळीनंतर बांधकाम सुरू करायचं आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर, सासूबाईंची खोली आणि वर दोन बेडरूम, असा बेत आहे. ठेकेदाराने समोरच्या बाजूला दोन मजली काचेचं एलिव्हेशन सुचवलंय, फोटोत फार छान दिसतं. मी विचारलं, ऊन येईल ना? तर म्हणाले, तीन एसी बसवा, प्रश्न मिटला. ह्यांनाही ते पटलंय. पण इथे मे महिन्यात रोज वीज जाते आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. बोअरचं पाणी खारं. सासूबाई सारख्या म्हणतात, 'आमच्या मातीच्या धाब्याच्या घरात पंखासुद्धा नव्हता, तरी दुपारी झोप लागायची.' सध्याच्या भाड्याच्या घरात त्या रात्रभर तळमळतात, तीन-तीन वेळा उठून अंगावर पाणी घेतात. घर आयुष्यात एकदाच बांधणार. काय करू?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'तीन-तीन वेळा उठून अंगावर पाणी घेतात' हे वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. म्हणून एलिव्हेशन आणि एसीकडे मागाहून येते. आधी सासूबाईंच्या झोपेचं बोलू.

आज रात्री एक करा. नऊ-साडेनऊच्या सुमारास घरातल्या स्टुलावर चढा आणि छताला, म्हणजे स्लॅबच्या खालच्या बाजूला, तळहात टेकवा. मग खाली उतरून पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, आणि शेवटी पूर्वेच्या भिंतीला. पत्र तुम्ही वैशाखात लिहिलंय, तेव्हा हाताला काय जाणवेल ते मी इथूनच सांगते. स्लॅब भाकरी उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा लागेल. पश्चिमेची भिंत कोमट, पूर्वेची त्याहून बरी. सूर्य मावळून दोन-अडीच तास झालेले असतात, बाहेर अंगणात बरं वाटायला लागलेलं असतं आणि घरात मात्र नुकता उन्हाळा सुरू होतो. सासूबाईंना रात्री जाळते ती हवा नाही, डोक्यावरचा स्लॅब जाळतो. पंखा लावला की तीच उष्णता तो खाली लोटतो, म्हणून पंख्याखाली झोपूनही अंग भाजतं.

पाच इंची काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो. काँक्रीटमधून उष्णता सहज आरपार जाते. दुपारी वर पडलेलं ऊन चार-पाच तासांत खालच्या बाजूला येऊन पोहोचतं, म्हणजे नेमकं संध्याकाळी, माणसं घरी येतात तेव्हा. सासूबाईंच्या धाब्याच्या घरात काय होतं? लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाल्याचा थर आणि वर हात-दीड हात माती. भिंती दोन-अडीच फूट जाड. एवढ्या मातीतून उष्णता पलीकडे पोहोचायला दहा-बारा तास तरी लागतात. ती आत येईपर्यंत पहाट झालेली असते, दारं-खिडक्या उघड्या असतात, आणि बाहेरची गार हवा तिला घेऊन जाते. खिडक्या लहान, बाहेरून चुन्याचा पांढरा हात, पुढे ओसरी. सासूबाई सांगतात त्यात आठवणींचा गोडवा थोडा असेल, पण शास्त्र पूर्ण आहे.

म्हणून तुम्ही मातीचं घर बांधा असं मी म्हणणार नाही. तीस फूट रुंदीत दोन-अडीच फुटांच्या भिंती घातल्या तर राहायला जागा उरणार नाही, धाब्याला दरवर्षी माती चढवावी लागते, आणि ते काम जाणणारी माणसं आता मिळत नाहीत. घ्यायचा तो त्या घराचा हिशेब: ऊन बाहेरच्या बाहेर अडवायचं, जे शिरलं ते पोहोचायला उशीर करायचा, आणि रात्री घर गार करून घ्यायचं. हे तिन्ही सिमेंट-विटांच्या घरात होतं. खर्चही तीन एसी आणि दोन मजली काच यांच्यापेक्षा कमी येतो.

सुरुवात छतापासून. माझ्या हातात असतं तर विदर्भातल्या प्रत्येक घराच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ छताची लिहिली असती, टाइल्स आणि फर्निचर नंतर. कारण तुमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, आणि हे मी शब्दशः म्हणतेय. दर्यापूरच्या अक्षांशावर २५ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागतो तोही याच दिवसांत. अशा वेळी भिंतींना तिरपं ऊन मिळतं आणि गच्ची सगळं तोंडावर झेलते.

छतासाठी इंजिनिअरला हा क्रम सांगा. स्लॅबला उतार आणि वॉटरप्रूफिंग झालं की त्यावर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएसचे शीट, म्हणजे दाट, पाणी न पिणारा थर्माकोलचा भाऊ. त्यावर जाळी घालून काँक्रीटचा पातळ थर, आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, ज्याला गवंडी चायना मोझॅक म्हणतात. पांढरी फरशी बरंचसं ऊन परत आकाशात फेकते, उरलेलं शीट अडवतं. गच्चीवर चालता येतं, वाळवणं घालता येतात, पापड-कुरड्यांना तर पांढरी गच्ची उत्तमच.

क्रम मात्र बदलू देऊ नका. पुष्कळ ठेकेदार हेच आवरण स्लॅबच्या खालून, पीओपीच्या आत बसवायला सांगतात, कारण ते सोपं पडतं. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण मग स्लॅब तापतच राहतो, दिवसा फुगतो, रात्री आकसतो आणि भेगा पडून पावसाळ्यात गळतो. आवरण वर असलं की स्लॅब सावलीत राहतो. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की तो गार होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गारवा तुम्हाला परत देतो. तोच स्लॅब. बाहेरून उघडा असेल तर तवा, बाहेरून झाकला तर माठ.

इंजिनिअरने 'एवढं कशाला' म्हटलं तर त्यांना एक आकडा सांगा. केंद्र सरकारने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून किती उष्णता आत झिरपते त्याचं माप, १.२ वॅटपेक्षा जास्त नसावा असं म्हटलंय (दर चौरस मीटरला, दर अंशाला). उघड्या स्लॅबचा आकडा याच्या जवळजवळ तिप्पट असतो. वरचा थर दिला की तो १.२च्या बराच खाली येतो. २०१८ची ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी होती, तुमचा दीडशेच्याही आत, तेव्हा तुमच्यावर सक्ती नाही. पण मोठ्या इमारतींना जे हवं ते छोट्या घराला जास्तच हवं. दहा मजली इमारतीत छत एका मजल्याच्या डोक्यावर असतं, तुमच्या घरात ते दोन्ही बेडरूमच्या डोक्यावर आहे.

गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण शेजारी सुचवतीलच. चारही बाजूंनी मोकळी, फिक्या रंगाची शेड स्लॅबवर सावली धरते, ते चांगलंच. पण चार महिन्यांत लोक ती बाजूने बंद करून सामान ठेवतात, आणि मग तिथे भट्टी होते. त्याऐवजी सोलर पॅनेल लावा. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारएक युनिट वीज मिळते. 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पॅनेल उंच स्टँडवर बसवले की खालून वारा खेळतो आणि तेवढ्या स्लॅबला फुकटची सावली मिळते. एक लक्षात ठेवा, साधं सोलर लाइन गेली की तेही बंद होतं. वीज जाते तेव्हासाठी इन्व्हर्टर वेगळा लागेल. पंखे बीएलडीसीचे, म्हणजे ब्रशलेस मोटरचे, घेतलेत तर ते साध्या पंख्याच्या निम्म्याहून कमी वीज घेतात, आणि तोच इन्व्हर्टर रात्रभर पुरतो.

हे सगळं नव्या घराचं झालं. यंदाचा उन्हाळा भाड्याच्या घरातच काढायचाय, म्हणून घरमालकांना विचारून गच्ची झाडून घ्या आणि चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात मारा. आपल्याकडे होळीनंतर हे करणारी घरं अजून आहेत. खर्च अगदी किरकोळ. अहमदाबादमध्ये मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत खूप माणसं दगावली, त्यानंतर २०१३ साली तिथे उष्णतेशी लढण्याचा आराखडा तयार झाला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम सुरू झालं. तेलंगणाने तर २०२३ साली गार छपरांचं धोरणच जाहीर केलं. आपल्या आजी-आजोबांचा चुना तिथे सरकारी कागदावर चढलाय. सासूबाईंना आजपासून खालच्या मजल्यावर, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत झोपवा. वयस्कर शरीराला दिवसाच्या उन्हातून सावरायला रात्रीचा गारवा लागतो. तो मिळाला नाही की त्रास साठत जातो. त्या तीनदा उठतात ही तक्रार म्हणून सोडून देऊ नका.

आता पश्चिम. रस्ता पश्चिमेला म्हणून तुम्ही पत्रात जरा खट्टू वाटलात. पण प्लॉट नीट पाहा. रुंदी ३० फूट आणि खोली ५०. म्हणजे पश्चिमेला फक्त तीस फुटांची बाजू आहे, लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला. उष्ण प्रदेशात घर असंच, पूर्व-पश्चिम लांब हवं असतं. मुद्दाम मागितला असता तरी याहून चांगला मिळाला नसता. दोन्ही बाजूंना उद्या शेजाऱ्यांची घरं उभी राहिली की त्या भिंती आपोआप झाकल्या जातील. राहते ती एक पश्चिम, आणि नेमकी तिथेच ठेकेदार काच लावतोय.

काचेबद्दल मी स्पष्टच लिहिते: नको. साध्या काचेतून उन्हाचा मोठा भाग सरळ आत येतो, आतल्या फरशीला, सोफ्याला, भिंतींना तापवतो, आणि ती उष्णता काचेतून परत बाहेर जात नाही. बंद मोटार उन्हात उभी केली की आत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन मजली काच म्हणजे रोज दुपारी दोन ते सहा ती मोटार.

छज्जा मोठा काढू, असं ते म्हणतील. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण तो मला महागात पडलाय आणि माझ्यापेक्षाही माझ्या मामा-मामींना. वीसएक वर्षांपूर्वी मी नुकती काम करू लागले होते, तेव्हा अमरावतीजवळ मामाच्या घराचा आराखडा केला. पश्चिमेला शेत होतं, हिरवंगार. म्हणून हॉलला मोठी खिडकी दिली आणि वर दोन फुटांचा छज्जा. पहिल्या मे महिन्यात मी संध्याकाळी पाच वाजता गेले. खिडकीवर ओलं गोणपाट टांगलेलं होतं. मामीने ते बाजूला केलं तेव्हा उन्हाचा पट्टा खिडकीतून निघून अख्खा हॉल ओलांडून समोरच्या भिंतीतल्या देवघराच्या पायरीपर्यंत गेलेला होता. समईच्या तेलाला हात लावला तर ते गरम. मामी काही बोलली नाही, मला पाणी आणून दिलं. त्या दिवशी घरी येऊन मी कागदावर कोन मांडला. मे महिन्यात पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली खिडकीवर फूटभरही उतरत नाही. कॉलेजात हे शिकवलेलं होतं, पण त्या हॉलमध्ये उभं राहेपर्यंत मला ते कळलेलं नव्हतं. पुढे तिथे विटांची जाळी बांधून घेतली आणि खिडकी लहान केली. त्या घरात आता मामी दुपारी हॉलमध्येच झोपते.

पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला आडवा छज्जा अडवत नाही. त्याला समोरून उभं काहीतरी लागतं: जाळी, उभ्या पट्ट्या, पोर्च, झाड, दुसरी भिंत. दक्षिणेचं गणित उलट आहे, आणि सोपं. तिथे चार फूट उंच खिडकीला दोन फुटांचा छज्जा दिला की मार्चच्या दुपारी पूर्ण खिडकी सावलीत असते, आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरल्यामुळे निम्मी खिडकी कोवळं ऊन आत घेते. हिवाळ्यात सासूबाईंना तिथे खुर्ची टाकून द्या. मोठ्या खिडक्या द्यायच्या त्या उत्तरेला आणि दक्षिणेला.

मग पश्चिमेला काय ठेवायचं? ज्या खोल्यांत संध्याकाळी कुणी बसत-झोपत नाही त्या. जिना, संडास-बाथरूम, सामानाची खोली, पोर्च. या सगळ्यांनी मिळून ऊन अंगावर घ्यायचं आणि मागच्या खोल्या सावलीत ठेवायच्या. जुन्या वाड्यात देवडी-ओसरीचं काम हेच होतं. आता घरात वास्तूचा विषय निघेल, कारण मालकांची बेडरूम नैर्ऋत्येला हवी असं सांगतात आणि दुपारनंतर तापणाऱ्या पश्चिमेचाच तो कोपरा. यावरून घरात वाद घालू नका. वास्तू मानणारे नैर्ऋत्य जड असावी असंही म्हणतात आणि जिना तिथे चालतो असं बहुतेकांचं मत असतं. जिना तिकडे टाका. बेडरूम तिथेच हवी असा आग्रह असेल तर तिच्या पश्चिम भिंतीला खिडकी देऊ नका आणि आतून पूर्ण भिंतभर कपाटं करा. कपड्यांनी भरलेलं कपाट म्हणजे भिंतीला नेसवलेली गोधडी.

पश्चिमेची भिंत तरी नुसत्या नऊ इंची विटेची नको. एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांची, आठ इंची भिंत विटेच्या नऊ इंची भिंतीपेक्षा निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते, शिवाय वजनाला हलकी. ब्लॉक मिळत नसतील तर विटा उभ्या आडव्या रचून मध्ये पोकळी ठेवणारी रॅट-ट्रॅप पद्धत आहे. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती घराघरांत नेली. विटाही पाव भाग कमी लागतात, पण गवंड्याला आधी दोन फूट भिंत नमुन्याला बांधून दाखवायला सांगा. सवय नसेल तर तो पोकळीत मसाला भरून टाकतो आणि सगळाच उद्देश बुडतो. उरलेल्या भिंती वीजकेंद्राच्या राखेपासून केलेल्या फ्लाय अ‍ॅशच्या विटांच्या चालतील. बाहेरून रंग पांढरा किंवा फिका बदामी. हल्ली गडद राखाडी रंगाची फॅशन आलीय, ती पुण्या-मुंबईच्या फोटोंतच राहू द्या.

समोरून घर चांगलं दिसायला हवं, हे मलाही वाटतं. ते वाटणं चुकीचं नाही. काचेच्या जागी दोन मजली मातीच्या जाळीची भिंत करा, मुख्य भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. सकाळी ती साधी दिसते. संध्याकाळी ऊन तिच्यावर पडतं आणि मधल्या जागेत तिच्या भोकांची नक्षी उमटते. रात्री आत दिवा लावला की रस्त्यावरून कंदिलासारखी दिसते. ठेकेदारांना फोटो हवाच असेल तर हा घ्या म्हणावं.

घर गार ठेवण्याचा अर्धा भाग बांधकामाचा आणि अर्धा घरातल्या माणसांच्या हातचा. आपल्या उन्हाळ्यात एक देणगी आहे. दुपारी ४२-४३ अंश असले तरी पहाटे पारा २७-२८ पर्यंत उतरतो. मुंबईला हे सुख नाही, तिथे रात्रही चिकट. हा पंधरा अंशांचा फरक वापरायचा. सकाळी आठ-नऊला सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. दुपारी हवा खेळावी म्हणून खिडकी उघडली की झळा आत येतात, म्हणून दुपारी उघडायचं नाही. सूर्य मावळून बाहेर गार वाटू लागलं की सगळं उघडायचं, ते थेट सकाळपर्यंत.

आणि इथेच घरं फसतात. रात्री लोक खिडक्या का बंद करतात? चोर आणि डास. म्हणजे तुमच्या खिडकीला मजबूत ग्रिल आणि बारीक जाळी असेल तरच सासूबाई ती उघडी ठेवून निर्धास्त झोपतील. हे सुरुवातीलाच ठरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या घेऊ नका, त्या बहुतेक अर्ध्याहून जास्त उघडत नाहीत. चार फुटांचे पैसे द्यायचे आणि दोन फूट वारा घ्यायचा. बाहेर उघडणारी दारं असलेल्या खिडक्या घ्या, लाकडी परवडत नसतील तर यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या. गरम हवा वर चढते, म्हणून जिन्याच्या गच्चीवरच्या खोलीला वर मोठा झरोका ठेवा, पावसाचा शिंतोडा येणार नाही असा. रात्री खालच्या खिडक्या आणि हा झरोका उघडा असला की जिना धुराड्यासारखं काम करतो. घरातली गरम हवा वरून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. वीज गेली तरी हे चालूच.

खाली टाइल्सऐवजी शहाबादी किंवा कोटा फरशी घातलीत तर मला आनंद होईल. जाड दगड रात्रीचा गारवा धरून ठेवतो आणि दुपारी अनवाणी पायाला ते कळतं. खोल्यांची उंची बारा फूट करा असंही कुणी सांगेल. दहा-साडेदहा पुरे. वरचा स्लॅब तापत असेल तर दोन फूट उंचीने फारसा फरक पडत नाही. तेवढ्या भिंतीचे पैसे छतावर घाला.

आता तुमच्या 'ह्यां'चा एसी. मी एसीच्या विरोधात नाही. नवतप्यातल्या एखाद्या रात्री, घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर तो हवाच. पण वर सांगितलेलं केलंत तर तीनची गरज एकावर येईल, तोही लहान टनाचा. २४ अंशांवर ठेवा. तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. बाहेरचं यंत्र मार्जिनच्या, म्हणजे घर आणि कुंपण यांच्यात सोडलेल्या जागेच्या, चिंचोळ्या गल्लीत, शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर लावू नका. ते तिथे गरम हवा ओकत राहतं, आणि ती हवा त्यांच्या घरात जाते, उरलेली परत तुमच्या.

एसीआधी कूलर. आपल्या कोरड्या हवेत तो फार चांगलं काम करतो. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल तर चांगल्या पॅडचा कूलर २७-२८ अंशांची हवा देतो, तेही एसीच्या मानाने अगदी थोड्या विजेवर. समोरची खिडकी किलकिली ठेवायची, नाहीतर खोली दमट होऊन चिकचिक होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अडचण पाण्याची आहे. कूलर तासाला दहा-वीस लिटर पाणी सहज पितो, आणि तुम्ही खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी घातलं की पंधरा दिवसांत गवतावर मिठाचा पांढरा थर धरतो, पंपही जातो. म्हणून घर बांधतानाच गच्चीचं पावसाचं पाणी साठवायची टाकी करा. प्लॉट १५०० चौरस फुटांचा, गच्ची हजारएक फुटांची धरली तर एक इंच पावसाला जवळजवळ अडीच हजार लिटर पाणी मिळतं. पांढऱ्या फरशीची गच्ची धुवायलाही सोपी. त्या पाण्यातलं थोडं मे महिन्यापर्यंत राखून ठेवलं तर कूलरला गोडं पाणी मिळेल. आणि घरच कमी तापलं तर कूलर दिवसभर चालवावा लागणार नाही, पाणीही तितकं लागणार नाही.

पश्चिमेला कडुनिंब लावायचा मोह होईल. माझंही ते आवडतं झाड. खाऱ्या जमिनीत तगतो, पाडव्याच्या सुमारास कोवळ्या पानांनी भरतो, म्हणजे उन्हाळा टिपेला जायच्या आत सावली तयार. पण तुमची जमीन काळी आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि मोठं झाड पायाजवळचं पाणी ओढून घेऊन त्यात भर घालतं. भिंतींना तडे जातात. पुढच्या मार्जिनमध्ये कडुनिंब नको, घरापासून किमान पंधरा-वीस फूट लांब हवा. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला नगरपरिषदेला विचारून लावा, यंदाच्या पावसातच, म्हणजे घर होईतो तो डोक्याएवढा झालेला असेल. मार्जिनमध्ये मधुमालतीचा वेल लावा आणि जाळीवर चढवा.

एक राहिलंच, आणि ते उन्हाशी संबंधित नसलं तरी लिहिल्याशिवाय पत्र बंद करवत नाही. काँक्रीट कालवायला आणि स्लॅबवर पाणी मारायला बोअरचं खारं पाणी वापरू देऊ नका. त्यातल्या क्षारांनी आतली सळई गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे खाली पडू लागतात. टँकर महाग पडतो, माहीत आहे. तरी स्लॅबच्या दिवशी टँकरचं पाणी कुठून भरून आणलंय ते स्वतः विचारा आणि घोटभर चाखून बघा.

नकाशा तयार झाला की पाठवा. सासूबाईंची खोली पूर्वेला टाकलेली असेल अशी आशा करते.